पाणबुड्यांची सुट्टी

गेल्या वर्षी पदव्युत्तर वर्गाच्या भाषांतराच्या तासाला आम्ही एक इंग्रजी माहितीपत्रक वाटले. भूमध्य समुद्रातल्या माल्टा आणि गोझो या बेटांवर आठ दिवस राहायचे, रोज दोनदा स्कूबाची बुडी मारायची, संध्याकाळी जुने तट-बुरूज पाहायचे, असा एकंदर मजकूर होता. वर्षानुवर्षे ललित उतारेच भाषांतराला देऊन आम्ही दोघेही कंटाळलो होतो. शिवाय जाहिरातीची भाषा उलथवताना विद्यार्थ्याचे मराठी खरे किती आहे ते कळते, असा आमचा अनुभव आहे. अडचण आली ती मजकुरात नाही, मथळ्यात. ‘स्कूबा डायव्हिंगची सुट्टी’ असे निम्मे इंग्रजी चालणार नाही, अशी अट आम्हीच घातलेली होती. एकाने ‘बुडण्याची सुट्टी’ असे लिहिले आणि वर्ग हसला. एकीने ‘जलतलविहार’ असा शब्द घडवला. त्यावर तो शब्द वाचूनच अंगावरचे पाणी सुकले, असा शेरा मागच्या बाकावरून आला. खालापूर तालुक्यातून लोकलने येणाऱ्या एका विद्यार्थिनीने मात्र ‘पाणबुड्यांची सुट्टी’ असे लिहून आणले होते. आम्ही तिला षष्ठीचा घोटाळा समजावून सांगितला : सुट्टी बुडी मारण्यासाठीची आहे, पाणबुड्यांना मिळालेली नव्हे. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “पण सर, पाणबुड्याला सुट्टी असते का?”

तो प्रश्न आम्ही त्या दिवशी व्याकरणाचा समजलो. तिच्या घरातली हकीकत कळली ती नंतर, आणि ती पुढे येईलच. पण त्या निमित्ताने ‘बुडी’ आणि ‘सुट्टी’ या दोन शब्दांचा इतिहास धुंडाळावा असे वाटले. एका माहितीपत्रकाच्या मथळ्यात ते दोन्ही शब्द गळ्यात गळा घालून उभे आहेत. त्यांची ही मैत्री मात्र जेमतेम पाऊणशे वर्षांची आहे.

मराठीत बुडण्याचे चांगले चालत नाही. धंदा बुडतो, उधारी बुडते, घराणे बुडते, दिवस बुडतो. शाळादेखील बुडवायचीच असते. पाण्याशी खेळण्याचे आमचे शब्द काठावरचे आहेत. विहिरीच्या धक्क्यावरून पोरे सूर मारतात, गुडघे छातीशी घेऊन मुटका मारतात, आणि पाणी किती उंच उडाले यावर वाद घालतात. पोहायला शिकवताना पाठीला वाळके भोपळे बांधतात. दोन गोष्टींची ‘सांगड’ घालताना तो भोपळ्यांचा तराफा आपल्या डोळ्यांपुढे आता येत नाही, एवढेच. या सर्व खेळांत माणूस क्षणात वर येतो. तळाशी रेंगाळण्यातल्या सुखाला मराठीत नाव नाही, कारण तळाशी जायचे ते कामासाठी : पडलेली कळशी काढायला, विहिरीचा गाळ उपसायला, नाहीतर प्रेत शोधायला. ते काम करणारा तो पाणबुड्या. पुराणांतही पाण्याखाली जाणारा मौजेसाठी जात नाही. दुर्योधन पराभवानंतर डोहात लपतो. कृष्ण यमुनेत उडी घेतो ती कालियाशी झुंजायला. हिंदी-गुजरातीत मोती काढणाऱ्याला ‘मरजीवा’ म्हणतात, म्हणजे मरून जगणारा. एवढ्या चार अक्षरांत एका धंद्याचे संपूर्ण वर्णन आलेले आम्हांला अन्यत्र आढळलेले नाही.

आता ज्या समुद्राचे माहितीपत्रक आम्ही वाटले होते, त्याच्याकडे वळू. तिथेही पाणबुड्या हा आधी कामगारच होता. रोममधल्या एका शिलालेखात टायबर नदीवरच्या कोळ्यांच्या आणि पाणबुड्यांच्या एकत्रित संघाचा उल्लेख आहे. पुढे बायझंटाईन काळात संकलित झालेल्या ऱ्होड्सच्या सागरी कायद्यात बुडालेला माल वर काढणाऱ्याचा वाटा ठरवून दिलेला दिसतो. आठ वाव खोलीवरून माल काढला तर एक तृतीयांश, पंधरा वावांवरून काढला तर निम्मा, आणि काठाशी हातभर पाण्यात सापडला तर दशांश. मजुरी खोलीवर ठरते, आणि निम्मा वाटा देताना कायदा कारणही सांगतो : समुद्राचा धोका. श्रमाचे मोल धोक्याच्या मापाने मोजणारा इतका स्वच्छ दस्तऐवज विरळा. (आमच्या वर्गातल्या मुलांना ‘वाव’ हे खोलीचे माप आहे हे ठाऊक नव्हते, ‘वाव मिळणे’ तेवढे ठाऊक होते.)

मुंबईचाही या धंद्याशी जवळचा संबंध होता. इराणी आखातात उन्हाळाभर निघणारे मोती विक्रीला येत ते बहुतांशी मुंबईला; इथे त्यांची निवड होई, भोके पडत, माळा ओवल्या जात आणि मग ते पॅरिसला जात. ते काढणारा नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून खाली जाई, आणि वर होडीत एकजण त्याचा दोर धरून बसे. खालच्याने हिसका दिला की वरच्याने ओढायचे. या दोघांचा हिशेब नाखुद्याकडे असे (आपला नाखवा तो हाच), आणि तो हिशेब सहसा कर्जाचाच असे. १९३० च्या दशकात जगभरची मंदी आणि जपानचे संवर्धित मोती यांनी हा व्यापार संपवला.

परंतु या इतिहासातले खरे शोकपर्व ग्रीसच्या कालिम्नोस आणि सीमी या बेटांवर घडले, आणि तिथे थोडे थांबले पाहिजे. या बेटांचे लोक पिढ्यानपिढ्या समुद्रतळावरचे स्पंज काढीत. चपटा दगड हातांत धरून उघड्या अंगाने खाली जायचे, एका श्वासात जेवढे हाती येईल तेवढे खुडायचे आणि वर यायचे. १८६० च्या दशकात तांब्याचे शिरस्त्राण आणि रबरी अंगरखा असलेला पोशाख तिथे आला. वरून हातपंपाने हवा सोडायची, मग माणूस खाली कितीही वेळ राहू शकतो! व्यापाऱ्यांना हे वरदान वाटले. दर दहा मीटर खोलीला एक वातावरणाएवढा दाब वाढतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि सांध्यांत विरघळतो, आणि माणूस झपाट्याने वर आला की सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात, हे तेव्हा त्या बेटांवर कोणाला माहीत नव्हते. हजारो माणसे मेली, त्याहून अधिक लुळी झाली. श्वास संपला की वर यावे लागते, ही मर्यादा त्या मजुराची शेवटची ढाल होती. यंत्राने ती काढून घेतली. हळूहळू, टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके हाल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने प्रसिद्ध केली ती १९०८ मध्ये, तीही बकऱ्यांवर प्रयोग करून. त्याच सीमीच्या स्पंजवाल्यांना १९०० मध्ये अँटिकिथेरा बेटापाशी बुडालेले प्राचीन जहाज सापडले. त्यातल्या मूर्ती आणि ते प्रसिद्ध दंतचक्रांचे यंत्र आज अथेन्सच्या संग्रहालयात आहे. ते वर काढताना एक पाणबुड्या मेला आणि दोघे कायमचे पंगू झाले, ही ओळ त्या यंत्राच्या कौतुकात बहुधा गळते. कालिम्नोसवर आजही एक नाच नाचतात. रांगेच्या अग्रभागी असलेला तरुण काठीवर रेलून थरथरत्या पायांनी लुळ्या पाणबुड्याची नक्कल करतो, आणि मग एकाएकी काठी सोडून सरळ नाचू लागतो.

या पाणबुड्यांना वसंत ऋतूत, ईस्टरनंतर होड्या आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघण्याआधी, आगाऊ पैसे मिळत. ते घरी देऊन ते जात आणि शरदात परतत. हे वाचताना आम्हांला परके वाटले नाही. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती अशीच उचल घेऊन, आणि पावसाच्या तोंडावर परततात. ‘उचल’ या शब्दाला ग्रीक प्रतिशब्द आहे, हे कळल्यावर ग्रीस एकदम जवळ आले.

मग हा धंदा मौज कधी झाला? १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, फ्रेंच नौदलातले अधिकारी झाक-इव्ह कूस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी पाठीवर घ्यायच्या नळकांड्यातून श्वासागणिक हवेशी तेवढीच हवा देणारी झडप तयार केली. गान्यांकडे ती आधी मोटार पेट्रोलऐवजी वायूवर चालवण्यासाठी होती. दोर सुटला, पंप सुटला, वरचा माणूस सुटला. १९५६ मध्ये कूस्तोच्या समुद्रतळाच्या चित्रपटाला कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि तळ ही पाहण्याची जागा झाली. दरम्यान फ्रान्समधल्या कामगाराला १९३६ च्या कायद्याने वर्षाकाठी दोन आठवड्यांची पगारी रजा मिळालेली होती, आणि १९५० च्या उन्हाळ्यात भूमध्य समुद्रातल्या मायोर्का बेटावर जेरार ब्लिट्झने लष्कराच्या उरलेल्या तंबूंत ‘क्लब मेडिटेरानी’चे पहिले सुट्टीगाव थाटले. बुडी आणि सुट्टी यांची गाठ पडली ती इथे. रजा ही कामगारांनी लढून मिळवलेली, बुडी ही कामगारांनी मरून शिकलेली. दोन्हींच्या मागची माणसे मात्र माहितीपत्रकात येत नाहीत.

आपल्याकडच्या सुट्टीचा इतिहासही हाच आहे, आणि तो साहित्याच्या विद्यार्थ्यांना फारसा शिकवला जात नाही. सुट्टी म्हणजे सुटका. ‘सुटणे’ या क्रियापदातून आलेला हा शब्द आधी कुठेतरी अडकलेला माणूस गृहीत धरतो. मुंबईच्या गिरण्यांत अडकलेल्या माणसांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना काढली. सत्यशोधक असलेल्या आणि ‘दीनबंधु’ चालवणाऱ्या या माणसाने रविवारची सुट्टी मागताना, रविवार हा खंडोबाचा वार आहे, असाही आधार दिला. १० जून १८९० रोजी ती सुट्टी मान्य झाली. साहेबाचा चर्चचा दिवस आणि मल्हारीचा वार यांची ही सांगड आम्हांला फार आवडते. वार्षिक पगारी रजेचे ‘वीस दिवस कामाला एक दिवस’ हे प्रमाण कायद्यात आले ते १९४८ च्या कारखाने अधिनियमाने. तोवर आणि नंतरही सामान्य मराठी माणसाची सुट्टी म्हणजे मुलांना मे महिन्यात मामाच्या गावाला धाडणे.

मामाचे गाव ज्याला नको, त्याच्यासाठी आमचा तालुका होता. मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकला मुक्कामाला असताना (चौक आज खालापूर तालुक्यात येते) समोरचा डोंगर चढून गेला आणि त्याने माथेरानचा ‘शोध’ लावला. त्या डोंगरावर ठाकर, धनगर, कातकरी आधीपासून होते. पण ते तिथे राहत होते, आणि सुट्टीवर आलेल्याखेरीज कोणाला जागेचा शोध लागत नसतो. १८५६ मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत आली; पुढचा घाट चढायला पालख्या आणि तट्टे होती. १८६३ मध्ये बोरघाटातून रूळ गेले, ते ज्यांनी घातले त्यांतले हजारो पटकीने आणि अपघातांनी इथेच संपले. १९०७ मध्ये नेरळहून माथेरानची छोटी गाडी सुरू झाली. वर मोटारीला बंदी म्हणून हवा शुद्ध राहिली, आणि मोटारीला बंदी म्हणूनच माणसाने माणसाला ओढायची हातरिक्षाही राहिली. ती सहा महिन्यांत बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२५ मध्ये सांगावे लागले. म्हणजे मॅलेटनंतर पावणेदोनशे वर्षांनी.

इथले पाणीसुद्धा दुसऱ्याच्या सोयीने वाहते. १९१५ पासून खोपोलीला आणि १९२२ पासून भिवपुरीला टाटांची वीजघरे आहेत. घाटावरच्या धरणांतले जे पाणी एरवी भीमेच्या खोऱ्यातून बंगालच्या उपसागराला गेले असते, ते डोंगरातून नळांनी खाली पडते, मुंबईसाठी वीज करते आणि पाताळगंगेतून, पेज नदीतून अरबी समुद्राला जाते. ‘बारमाही नदीकाठचे फार्महाऊस’ अशी जाहिरात कर्जतच्या रस्त्यावर पदोपदी दिसते. ती नदी बारमाही आहे कारण मुंबईत बाराही महिने दिवे लागतात. खालापूरला मोरबे धरण आहे, त्याचे पाणी नवी मुंबईला जाते. खोपोलीजवळच्या मनोरंजननगरीत लाटा उसळणारा तलावसुद्धा आहे. समुद्र तेवढा आमच्याकडे नव्हता, तोही झाला.

समुद्रतळ पाहायचा तर मराठी माणूस मालवणला जातो. १६६४ मध्ये ज्याचा पाया घातला त्या सिंधुदुर्गाच्या आसपासच्या पाण्यात आता प्रवाळ आणि मासे दाखवतात, आणि दाखवणारे बहुतेक किनाऱ्यावरचेच तरुण असतात. नौदलाने निवृत्त केलेले ‘गुलदार’ हे जहाज २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे आले ते निवतीच्या समुद्रात मुद्दाम बुडवण्यासाठी, म्हणजे त्यावर बुड्या मारता येतील. ऱ्होड्सच्या कायद्याने बुडालेले वर काढणाऱ्याला वाटा दिला होता. आता बुडवण्यासाठी जहाज मागवावे लागते. आम्ही याची टिंगल करीत नाही. रापण ओढणाऱ्याच्या मुलाला नितळ पाण्यात मासे दाखवून पोट भरता येत असेल, तर ते त्याच्या आज्याच्या कष्टांपेक्षा बरेच बरे.

माल्टातही अशी बुडवलेली जहाजे आहेत. ‘उम एल फरूद’ नावाचे एक लिबियन तेलवाहू जहाज १९९५ च्या फेब्रुवारीत तिथल्या गोदीत दुरुस्तीसाठी उभे असताना स्फोट झाला आणि नऊ गोदी कामगार मेले. मोडके जहाज काही वर्षे पडून राहिले. १९९८ मध्ये ते बेटाच्या नैऋत्येला बुडवले, आणि आज युरोपातले हौशी पाणबुडे ते पाहायला जातात. आमच्या हातातल्या माहितीपत्रकात त्याचे नाव होते, लांबी होती, खोली होती. नऊ जणांची स्मरणपट्टी त्या जहाजावर पाण्याखाली लावलेली आहे, हे माहितीपत्रकात नव्हते. ते आम्हांला त्या विद्यार्थिनीने शोधून दाखवले. तिला त्यात एवढा रस का, हे विचारल्यावर तिने मामाची गोष्ट सांगितली.

तिचा मामा खोपोलीकडे एका कारखान्यात कंत्राटी कामावर आहे. आषाढ-श्रावणात मुंबई-पुण्याची तरुण मुले धबधब्यांवर आणि धरणांवर येतात. दरवर्षी जमावबंदीचे हुकूम निघतात, पाट्या लागतात, पोलीस उभे राहतात, आणि दरवर्षी काही मुले घरी परत जात नाहीत. मग तिच्या मामाला फोन येतो. या भागात अशी माणसे गावोगाव आहेत. कोणी मदतपथकांत आहेत, कोणी नुसतेच पट्टीचे पोहणारे म्हणून माहीत असलेले. मामा भोपळ्यावर पोहायला शिकलेला. कंबरेला दोर बांधायचा, दोर काठावर थोरल्या भावाच्या हातात द्यायचा, आणि गढूळ पाण्यात उतरायचे. डोळ्यांचा तिथे उपयोग नसतो. हाताने चाचपत जायचे. हाताला केस लागले की दोन हिसके. वर आल्यावर कोणीतरी चहा देतो, आईबाप हात जोडतात. घरी आल्यावर तो बाहेरच अंघोळ करतो आणि त्या रात्री जेवत नाही. पैसे त्याने कधी घेतले नाहीत, आणि ठरवून कोणी दिलेही नाहीत. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तो रविवारी गाव सोडत नाही, कारण फोन रविवारीच येतो. लोखंड्यांनी मिळवलेल्या रविवाराचे हे टोक आम्ही कोणत्याही पुस्तकात वाचलेले नव्हते.

आम्ही तिला म्हटले, मामाने एकदा मालवणला जायला हवे, स्वच्छ पाणी पाहायला. ती म्हणाली, जाऊन आला. नात्यातल्या लग्नाला सगळे गेले होते, दुसऱ्या दिवशी होडीतून निघाले. बुडी शिकवणाऱ्या पोराने नळकांडे, झडप, खुणा, सगळे समजावून सांगितले. मामाने शांतपणे ऐकले आणि एवढेच विचारले, “दोर कोणाच्या हातात असतो?” दोर नसतो, मी सोबत असतो ना, असे त्या पोराने हसून सांगितले. बाकीचे एकेक करून उतरले. मामा होडीतच बसला, सगळ्यांची घड्याळे, मोबाईल आणि चष्मे मांडीवरच्या पिशवीत सांभाळत. आणि कोण कुठे खाली गेले, किती बुडबुडे येताहेत, ते मोजत.